कनिष्ठ वकिलांना एक दिवसाचा तुरुंग

आमच्या घरात पहिला वकील भिंतीवर आहे, निळ्या कोटात, हार घातलेला. दुसरी मी. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत आईचं निम्मं आयुष्य गेलं. त्यामुळे माझा काळा कोट इस्त्री करून आणताना ती तो कधी पिशवीत घालत नसे. सगळ्या गल्लीला दिसेल असा हातावर उघडा धरून आणायची. तो कोट घालून मी बेळगावला आले, शहापुरात मागांच्या खडखडाटाला लागून एक खोली घेतली, आणि मग कळलं की कायद्याची परीक्षा पास होणं सोपं होतं. इथे अशील मराठीत रडतो, त्याची साक्ष कानडीत लिहिली जाते, निकाल इंग्रजीत येतो, आणि तो निकाल अशिलाला समजावताना वकील बहुतेक हातवारे करतो.

मला सांभाळून घेतलं आप्पांनी. आप्पा माझे सिनिअर. मूळचे काकतीचे शेतकरी, आजही सकाळी रानात एक फेरी मारून मग स्कूटरवरून कोर्टात येतात, त्यामुळे काळ्या पँटीला खाली लाल मातीची किनार असते. एके काळी बांधाच्या भांडणात आप्पांच्या तोडीचा वकील तालुक्यात नव्हता म्हणे. आता त्यांचे बरेचसे पक्षकार वरच्या कोर्टात गेलेत, म्हणजे देवाघरी. उरलेल्यांच्या मुलांनी जमिनी विकून टाकल्या, मग बांध तरी कुणाचा आणि भांडण तरी कुणाशी. आप्पांच्या टेबलावर फायली कमी आणि चष्म्याची घरं जास्त अशी स्थिती आली होती.

तरी आप्पा रोज येत, ते बातम्यांसाठी. आम्ही मराठी वाचणारे वकील आणि लॉ कॉलेजची पोरंपोरी मिळून फोनवर एक गट आहे. त्यावर रोज सकाळी आप्पांचं ‘आजचं कोर्ट’ येतं. दिल्लीचा निकाल, धारवाडच्या खंडपीठाची बातमी, नवं परिपत्रक, नोटरीच्या जागा, विद्यार्थ्यांच्या परीक्षा, कुणाची जुनी पुस्तकं विकायची आहेत, सगळं असतं. इंग्रजी आणि कानडी वाचून आप्पा ते मराठीत एका बोटाने टाइप करतात. आणि नुसतं भाषांतर करून गप्प बसतील तर ते आप्पा कसले?

‘फसवणुकीचं कलम चारशे वीस होतं, ते नव्या कायद्यात तीनशे अठरा झालं. मेहुण्याला चारसोबीस म्हणायची ज्यांना सवय आहे त्यांनी बदल करून घ्यावा.’

‘सनदेची परीक्षा जवळ आली. पुस्तक समोर ठेवून लिहायची परीक्षा आहे, याचा अर्थ पुस्तक त्याच दिवशी पहिल्यांदा उघडायचं असा होत नाही.’

‘वरच्या कोर्टानं म्हटलंय, वकिलांनी उठसूट तारखा मागू नयेत. ही बातमी सांगितल्यावर तिघांनी मलाच तारीख मागितली.’

मी हे आईला पुढे पाठवायची, आई गल्लीत वाचून दाखवायची. एकदा तर तिने दूधवाल्याला “तीनशे अठरा हाईस तू पक्का” म्हणून गार केलं होतं. तो बिचारा घरी जाऊन विचार करत बसला असेल.

आप्पांच्या मराठीत कानडी कोर्टाचे शब्द बेधडक येत. अर्ज फेटाळला असं ते कधी लिहायचे नाहीत. कानडीत फेटाळण्याला ‘वजा’ म्हणतात, म्हणून आप्पांचा अर्ज नेहमी ‘वजा’ व्हायचा. पलीकडून, कोल्हापूरकडून शिकायला आलेल्या एका पोरीने एकदा भाबडेपणाने विचारलं, “आप्पा, वजा म्हणजे कशातनं वजा?” आप्पा म्हणाले, “आशेतनं.”

तर असं सगळं छान चाललेलं असताना अ‍ॅप आलं.

आणलं ते माझ्याच गावच्या, निपाणीच्या एका वकिलाने, म्हणून मला दुप्पट राग. पोरगा हुशार, बोलायला गोड, आणि बूट असे चकचकीत की कोर्टाच्या आवारात धूळ त्याला चुकवून जाते की काय असं वाटावं. त्याचं म्हणणं असं की आता फोनमध्ये अ‍ॅप आहे, कोणत्याही भाषेतला कागद दाखवला की मराठी तयार. मग आप्पांना या वयात, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असताना, कशाला त्रास? त्याने नमुना म्हणून चार दिवस बातम्या टाकल्यासुद्धा. त्यात बार असोसिएशनचं ‘मद्यपान संघटना’ झालं होतं. ‘डिसमिस’ झालेल्या एका अपिलाला खर्चासहित नोकरीवरून काढून टाकलं होतं. सरकारच्या स्टँडिंग कौन्सेलचं, म्हणजे कायमच्या वकिलाचं, ‘उभे असलेले सल्लागार’ झालं होतं, आणि ते का उभे आहेत याचा खुलासा नव्हता. पण बातम्या झटपट येत होत्या, आणि घाईतल्या माणसाला झटपटीचं फार कौतुक. बरेच जण म्हणायला लागले, पोरगं बोलतंय ते खरं आहे. सोमवारी कँटीनमध्ये बसून काय ते ठरवू.

आप्पांना मी हे सांगितलं तेव्हा ते शेंगा सोलत होते. हात थांबला नाही.

“बातम्या गेल्या की मी जातो पुण्याला,” ते म्हणाले. “पोरगा कवाधरनं मागं लागलाय. तुमची काकू गेल्यापासनं तर रोजच. म्हणतोय, आप्पा, आमच्या बिल्डिंगीत लिफ्ट हाय.” मग एक शेंग माझ्या हातात दिली. “आता मी काय दिवसभर लिफ्टमधी बसून ऱ्हाऊ व्हय गं?”

मला हसू आलं आणि लगेच थांबलं. आप्पा पुण्याला गेले तर आठ दिवसांत त्यांचं बोलणं बंद होईल, हे मला स्पष्ट दिसत होतं. तिथे बांध नाही, कोर्ट नाही, आणि “काय आप्पा, आज काय विशेष?” असं विचारणारं कुणी नाही. मी ठरवलं, सोमवारी कँटीनमध्ये भांडायचं. भांडायचं मला वावडं नाही, तेच तर शिकले आहे.

पण त्याआधी शुक्रवार आला.

कोर्टातल्या नोटीस बोर्डावर कानडीत हाताने लिहिलेली एक नोटीस लागली. खालचा अर्धा भाग, ठिकाणासकट, कुणाच्या तरी हरवलेल्या छत्रीच्या नोटिशीखाली झाकलेला. जे दिसत होतं ते असं: ‘किरिय वकीलरिगे ओंदु दिनद’, म्हणजे कनिष्ठ वकिलांना एक दिवसाचं, आणि पुढे एक शब्द, त्यावर ऐसपैस जांभळा शिक्का. मग शनिवार, सकाळी दहा, हजेरी सक्तीची, दुपारच्या जेवणाची सोय आहे. आप्पांनी नोटिशीचा फोटो काढला, घरी जाऊन वाचला, आणि शनिवारी सकाळी ‘आजचं कोर्ट’ आलं.

‘कनिष्ठ वकिलांना आज एक दिवसाचं कारागार. हजेरी सक्तीची. सकाळी दहाला गावाबाहेरच्या मोठ्या तुरुंगाच्या दारात जमावं. जेवण आतच. ही कल्पना ज्या कुणाची असेल त्याला माझा नमस्कार. जामीन नाही मिळाला हे आपण अशिलाला सांगतो आणि चहाला जातो. तो कुठं जातो हे प्रत्येक वकिलानं एकदा आतून बघितलं पाहिजे. मीही येतोय. विद्यार्थ्यांनीही यावं.’

वाचून माझ्या अंगावर काटा आला. एवढं चांगलं आप्पांनी कधी लिहिलं नव्हतं. शंका आली का? अजिबात नाही. हल्ली वकिलांसाठी काय काय कार्यक्रम निघतात. हाही एक असेल. मी सवयीने आईला पाठवलं आणि गळ्याचा पांढरा बँड बांधायला घेतला. बँड बांधून होईतो आईचा फोन.

“कशापायी आत घालत्यात गं तुला?”

“अगं, आत घालत नाहीत. बघायला नेतायत.”

“सक्तीचं लिवलंय की. बघायला कोण सक्तीनं न्हेतंय? ह्या गल्लीतली पयली वकील तू, आणि पयली आत जानारबी तूच व्हय?”

दहाला तुरुंगाच्या दारात काळ्या कोटांचा थवा जमला होता. सगळे वेळेवर. कोर्टात जे साडेअकराला उगवतात तेसुद्धा. एका विद्यार्थ्याच्या हातात टूथब्रश होता. एकीच्या आईने डबा दिला होता, आतलं जेवण कसं असतं कोण जाणे म्हणून. आप्पा स्कूटरला पुढे केळ्यांचा घड लावून आले, घरच्या रानातला, आतल्या लोकांना द्यायला.

दारावरच्या पोलिसाने आमच्याकडे बघितलं आणि सावध होऊन विचारलं, “यारन्न भेटी आगबेकरी?” कुणाला भेटायचंय?

टूथब्रशवाला पुढे झाला आणि जमेल तेवढ्या कानडीत म्हणाला, आम्हाला कुणाला भेटायचं नाही, आम्हालाच आत यायचंय.

त्या पोलिसाचा चेहरा मी विसरणार नाही. तुरुंगाच्या दारावर उभं राहून त्याने बाहेर यायला तळमळणारी माणसं किती बघितली असतील. आत घ्या म्हणून भांडणारी बहुधा पहिल्यांदाच बघत होता. त्याने ऑर्डर मागितली. आम्ही फोनवरचा नोटिशीचा फोटो दाखवला. त्याने तो बोटांनी मोठा केला, शिक्क्याच्या मागे डोळे बारीक करून बघितलं, आणि त्याचं पोट हलायला लागलं.

“इदु कारागृह ऐतरी,” तो मागच्या दाराकडे अंगठा करून म्हणाला, हा तुरुंग आहे. मग फोनवर बोट ठेवलं. “इदु कार्यागार.”

कार्यागार म्हणजे कार्यशाळा. वर्कशॉप. व्याख्यान, चहा, प्रमाणपत्र, फोटो. कानडीत हाताने लिहिताना ‘र’ला ‘य’ जोडायचा तर बरेच जण ‘र’च्या पायाशी एक छोटी शेपटी काढतात. शिक्का नेमका त्या शेपटीवर बसला होता. शेपटी गेली आणि कार्यशाळेचा तुरुंग झाला.

आधी कुणीच हसलं नाही. सगळ्यांनी एकदम आप्पांकडे बघितलं. आप्पांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा फोटो बघितला. शेपटी त्यांना तरीही दिसली नाही. मला भयंकर राग आला. आप्पांचा नाही. शिक्का मारणाऱ्याचा, छत्री हरवणाऱ्याचा, कानडी ‘य’चा, आणि सगळ्यात जास्त सोमवारचा. कारण आता सोमवारी बोलायला माझ्याकडे काही शिल्लक राहिलं नव्हतं.

मग फोनाफोनी झाली. कळलं की कार्यशाळा कोर्टाजवळच्याच एका सभागृहात आहे आणि कधीच सुरू झाली आहे. मिळेल त्या रिक्षात कोंबून घेऊन आम्ही निघालो. माझ्या मांडीवर केळ्यांचा घड होता.

सभागृहात आम्ही रांगेने शिरलो तेव्हा मंचावर धारवाडहून आलेल्या कायद्याच्या प्राध्यापक बाई बोलत होत्या. त्यांच्या मागे मोठ्या अक्षरात विषय लिहिलेला होता. मी शेपट्यांसकट नीट वाचला: ‘कोर्टाच्या कागदपत्रांचं भाषांतर करताना होणाऱ्या चुका.’

पहिल्या रांगेत आमचे निपाणीकर, चकचकीत बूट पुढे करून बसलेले.

बाईंनी बोलणं थांबवलं. “यल्ला यल्लि होगिद्रि?” कुठे गेला होता सगळे?

खरं सांगितलं की आप्पांच्या बातम्या संपल्या, हे आमच्यातल्या प्रत्येकाला कळत होतं. मी उठले. “पंक्चर झालं, मॅडम.”

“सगळ्यांचं?”

“हो,” मी म्हणाले. वकील झाल्यापासूनचा माझा तो सगळ्यात कच्चा युक्तिवाद.

माझ्या मागे खुर्ची वाजली. आप्पा उभे राहिले. आपल्या काकतीच्या कानडीत, मध्येच मराठीवर घसरत, त्यांनी सगळं सांगितलं. नोटीस कशी वाचली, शिक्का कुठे होता, नमस्कार कुणाला केला, टूथब्रश, डबा, दारावरचा पोलीस. काहीच लपवलं नाही. सभागृह आधी खुदखुदलं, मग फुटलंच. प्राध्यापक बाई डोळे पुसत होत्या. त्यांनी फळ्यावर दोन शब्द एकाखाली एक लिहिले, एक शेपटीचा, एक बिनशेपटीचा, आणि म्हणाल्या, पुस्तकातलं उदाहरण देणार होते, आता गरज उरली नाही.

आप्पाही हसत खाली बसले. मी शेजारीच होते. त्यांनी घडातलं एक केळं तोडलं आणि न खाता पुन्हा घडावर ठेवून दिलं.

चहाच्या सुट्टीत त्यांनी ती केळी आमच्या तुरुंगवाल्यांत वाटली. मला देताना हळूच म्हणाले, “सोमवारी माझ्यासाठी भांडू नगंस. मला शेपटी दिसत न्हाय आता. पोराला कळवतो.”

मी केळं खाल्लं आणि साल टाकायच्या निमित्ताने बाहेर गेले.

रविवारी ‘आजचं कोर्ट’ आलं नाही. कोर्टाला सुट्टी असली तरी आप्पा रविवारी विद्यार्थ्यांच्या बातम्या टाकायचे. मी फोन हातात घेऊन नुसतीच बसले. शेवटी वाजला तो आईचा. “काल सोडलं ना तुला? मग आज तुज्या आप्पाचं का आलं न्हाय? दूधवाला इचारतोय.”

सोमवारी कँटीनमध्ये सगळे जमले. आप्पा आले नाहीत. पलीकडे आपल्या टेबलाशी बसून उलटसुलट एकच फाईल वाचत होते, ते खिडकीतून दिसत होतं. निपाणीकराने चुरमुऱ्याच्या गिरमिटाची बशी बाजूला सारली आणि प्रामाणिकपणे आपला फोन पुढे केला. त्याच नोटिशीचं अ‍ॅपने केलेलं मराठी त्यात होतं: ‘लहान वकिलांसाठी एक दिवसाचे गॅरेज.’

“म्हणजे चुकतं तेबी,” तो म्हणाला. “पण आम्ही कोण गॅरेजला गेलो न्हाय. एकमेकाला इचारलं, बोर्डावरची छत्री बाजूला केली, हॉलवर पोचलो.”

मला भांडू नकोस म्हणून बजावलं होतं. मी भांडले नाही. मी फक्त मोठ्याने बोलले, आणि माझा आवाज मुळातच मोठा आहे.

“का गेला नाहीत गॅरेजला?” मी म्हटलं. “कारण तुमच्या अ‍ॅपचं तुम्हीसुद्धा खरं मानत नाही. आप्पांनी तुरुंगात जमा म्हणून सांगितलं आणि आम्ही झाडून सगळे गेलो. दहाच्या ठोक्याला. डबे घेऊन. शेपटी आम्ही बघू, आम्हाला डोळे आहेत. पण ज्याच्या शब्दावर आपण तुरुंगाच्या दारात जाऊन उभे राहू, असा दुसरा माणूस आहे का कोर्टात? असेल तर त्याला द्या बातम्या.”

टूथब्रशवाल्याने टेबलावर थाप मारली. मग दुसऱ्याने मारली. कप नाचायला लागले, कँटीनवाला ओरडला. हात वर करायचं, मोजायचं राहूनच गेलं. निपाणीकराने फोन खिशात घातला. मग म्हणाला, “मला एवढंच सांग. तुरुंगाला गेलेल्यास्नी केळी मिळाली म्हणं. आम्हांस्नी का न्हाय?”

त्या क्षणी मला तो पहिल्यांदा आवडला. बुटांसकट.

आम्ही जाऊन आप्पांना सांगितलं. त्यांनी फाईल सरळ केली, “बरं,” म्हणाले, आणि नाक शिंकरायला रुमाल शोधत बराच वेळ खाली वाकून राहिले. पुण्याबद्दल विचारायचा मला धीर झाला नाही.

मंगळवारी सकाळी चहाला आधण ठेवलं होतं. फोन वाजला.

‘आजचं कोर्ट. दुरुस्ती: शनिवारी नजरचुकीनं तुरुंगात पाठवलेल्या सर्व सभासदांची निर्दोष मुक्तता करण्यात येत आहे. केळी परत मागितली जाणार नाहीत. यापुढे कानडी नोटिशीतल्या शेपट्या माझी ज्युनिअर तपासेल, तिला डोळे आहेत असं तिनं कँटीनमध्ये ओरडून सांगितल्याचं इथपर्यंत ऐकू आलं.

शेवटची बातमी. संपादकानं काकती सोडून पुण्याला कायमचं राहायला यावं, असा मुलाचा अर्ज बरेच दिवस प्रलंबित होता. काल संध्याकाळी फोनवर दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. अर्ज वजा.’